रस्त्यापलीकडून ऐकलेला खर्ज

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच. माणसाच्या बोलण्याला वजन कशानं येतं?

पोरांनो, तुम्ही सांगा. पुढं बसलात म्हणजे उत्तर देणं आलं! काय म्हणालास? "पोट मोठं असल्यानं"? हसू नका मंडळी, बरोबर बोलला तो. आपण पोट बघूनच खुर्ची पुढं करतो की!

तर इचलकरंजीत बाळगोंडा मगदूम म्हणून एक गृहस्थ होता. दिवसा मागावर काम, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार. बेस गिटार म्हणजे काय रे पोरांनो? जाड तारांची गिटार. ती खर्ज सांभाळते. घराखाली पाया, तशी गाण्याखाली ही! आणि तिचा आवाज बाहेर येतो स्पीकरच्या पेटीतून. बाळगोंडाची पेटी केवढी? कपाटाएवढी! दोन बाजूंना दोन कड्या. एक कडी त्याच्या हातात, दुसरी बायकोच्या – पद्मावतीच्या. ती त्याच ऑर्केस्ट्रात गायची. म्हणजे बघा, आधी हमाली, मग गाणं, मग परत हमाली!

एक दिवस पेटी उचलताना बाळगोंडाच्या पाठीत कळ आली. असा वाकला, तो सरळच होईना. डॉक्टर म्हणाले, "मगदूम, ही पेटी परत उचललीत, तर पुढच्या वेळी लोक तुम्हाला उचलून आणतील."

ऑर्केस्ट्राचा मालक घरी आला. म्हणाला, "अण्णा, इश्रांती घ्या. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवतोय. भागतंय आमचं."

भागतंय! मंडळी, ज्यानं उभा जन्म दोन्ही हातांनी वाजवलं, त्याची जागा एका डाव्या हातानं भरली! आता एकच वाट उरली – हलकी पेटी. पण बाळगोंडाच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की हलकी पेटी म्हणजे हलका आवाज.

पद्मावती म्हणाली, "न वाजवताच ठरीवलं व्हय? चला कोल्हापूरला."

गेले. दुकानदार शहापुरे, सज्जन माणूस. त्यानं आधी एक चिमुकली पेटी काढली. बाळगोंडानं तार छेडली – खर्ज गायब! शहापुरे म्हणाला, "अण्णा, पेटी हलकी चालंल, लहान नको. खर्जाला पोटात हवा लागते." मग त्यानं मोठ्या दोन पेट्या शेजारीशेजारी मांडल्या. एक जाड फळ्यांची, जड. दुसरी तेवढीच मोठी, पण पातळ प्लायवूडची. आतून आडव्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेली, आणि आतल्या स्पीकरचं चुंबक छोटं पण ताकदीचं.

बाळगोंडानं आधी जड पेटी वाजवली. धप्प! दुकानाचं शटर थरथरलं. "हीच!"

मग हलकी. तिनं शटर काही हलवलं नाही. बाळगोंडानं तोंड वाकडं केलं. "पोकळ हाय."

"तुम्ही उभं कुठं हायसा?" पद्मावतीनं विचारलं.

"पेटीजवळ. आनि कुठं?"

"मग लोक काय तुमच्या पोटरीजवळ बसून गाणं ऐकत्यात? द्या ती गिटार हिकडं."

मंडळी, बाळगोंडा कुणाला गिटारीला बोट लावू देत नसे! पण आता पाठ वाकलेली, मागं मालकाचं बोलणं. दिली.

"मला कुठं वाजवाय येतंय? नुसती जाड तार छेडत गाते, तंबोऱ्यागत. जावा तुम्ही रस्त्यापलीकडं."

बाळगोंडा कण्हत-कण्हत रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाकावर बसला.

पद्मावती जड पेटीवर गायली. पलीकडं काय आलं? धप्प… धप्प. बायकोचं तोंड हलताना दिसतंय, शब्द मात्र एक नाही! उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात ना? तो हाच!

मग हलकी पेटी. बाळगोंडा कान देऊन बसला. आधी काही नाही. आणि मग जाणवलं – बाकाच्या फळीतून, पायाखालून, एक खोल, संथ खर्ज येतोय. त्या खर्जावर पद्मावतीचा आवाज उभा. एकेक शब्द स्वच्छ! रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. "कोन वो बाई? काय गाती!"

"माझी मंडळी," बाळगोंडा म्हणाला.

परत आला. पेटीकडं बघेना, बायकोकडं बघेना. हळूच म्हणाला, "पद्मा, इतकी वर्सं मंडपात बसनाऱ्या लोकास्नी तुझं शब्द ऐकूच येत नव्हतं?"

ती हसली. "मागच्या रांगेतल्या बायका नंतर इचारायच्या – कुठलं गाणं म्हटलं वो ते?"

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगत हुते की. तुमची पेटी वाजत हुती."

मंडळी, बाळगोंडानं हलकी पेटी घेतली. शनिवारच्या कार्यक्रमाला ती एकट्या पद्मावतीनं एका हातानं नेली. मालकानं त्याला पुन्हा उभं केलं. का? डाव्या हाताला सूर सापडत होता, पण खाली पाया घालून वर गाणारीला जागा द्यायची, हे बाळगोंडाला आता कळलं होतं!

आता तुम्ही सांगा. घरात तुमचा आवाज मोठा आहे का? भांडी थरथरतात का? मग समजू नका की बोलण्याला वजन आलं. एकदा उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहा, आणि तुमच्या आवाजाखाली कुणाचे शब्द बुडाले ते ऐका. पोरांनो, तुम्हीसुद्धा! वर्गात सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडतं, मला ठाऊक आहे!

चला, टाळ घ्या आता. देवाचं नाव घेऊ. पण शेजारच्याचं म्हणणं ऐकू येईल, इतकंच वाजवा.