लग्न मोडायची प्रार्थना

(सकाळी. चर्च. सासू पाळकांकडे, तिथल्या धर्मगुरूंकडे, आली आहे.)

सासू : मग तेवढंच म्हणा, पाळकसाहेब. 'हे लग्न मोडू दे.' चार शब्द आहेत, त्याला एवढा घसा कशाला खाकरताय?

पाळक : मावशी, लग्न जुळावं म्हणून पुष्कळ प्रार्थना केल्यात मी. मोडावं म्हणून अजून एकही नाही. सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

सासू : मला कळतं ना. रोज इस्त्री फिरवताना तेच म्हणते. पण माझं वर पोचत नसेल. तुमची तिथं ऊठबस आहे.

पाळक : माणूस वाईट आहे का?

सासू : कोण, तो बसवाला? वाईट असता तर तुमच्याकडे कशाला आले असते? झाडू घेऊनच उभी राहिले असते. गरीब गाय आहे. बायको वारली त्याची, मूलबाळ नाही. आमच्या दुकानात इस्त्रीला शर्ट टाकायला यायचा आणि माझ्या नातीशी, चिमणीशी, बोलत बसायचा. परवा येऊन आधी मलाच विचारलं, खाली मान घालून. म्हणाला, तुमच्या सुनेला मागणी घालतो, तुमची हरकत नसेल तर. त्याची दुसऱ्या गावच्या डेपोत बदली झालीय. तुम्हीही चला म्हणाला.

पाळक : मग?

सासू : मग काय? माझा लेक इथल्या मातीत आहे, मी नाही जायची. तोंडदेखलं म्हटलं, तिलाच विचार.

पाळक : आणि ती काय म्हणते?

सासू : विचार करून सांगते म्हणाली. आज उत्तर देणार आहे, म्हणून तर माझी घाई. अहो, लेक गेला तेव्हा तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ही गेली नाही. आईंना सोडून येणार नाही म्हणाली. तेव्हापासून एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या आहोत आम्ही. ती शर्ट-पँट करते, मी चादरी. रात्री चिमणी दोघींच्या मध्ये. एवढंच माझं घर. ते कुणीतरी उचलून न्यायचं आणि मी आमेन म्हणायचं?

पाळक : असं कुठं म्हणालो? मागायला बंदी नाही. प्रभूनंही क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत आधी मागितलंच होतं, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून. घाम गाळून मागितलं.

सासू : झालं तर मग.

पाळक : पण तिथंच थांबला नाही. 'तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' म्हणाला.

सासू : तुम्ही पुढचं म्हणायला लावणार, हे घरून निघतानाच ठाऊक होतं मला.

पाळक : मलाही ते पुढचं जड जातं, मावशी. माझी आई आजारी होती, तेव्हा मी फक्त 'वाचव' म्हणायचो. दुसरा शब्द नाही. मग एकदा लक्षात आलं, मी देवाला नुसती कामं सांगतोय. त्याचं माझ्याकडे काही काम आहे का, हे विचारलंच नव्हतं.

सासू : वाचली का आई?

पाळक : नाही. पण शेवटचे दिवस तिच्या उशाशी बसलो. त्याआधी सगळा वेळ इथंच बसून असायचो, गुडघे टेकून.

सासू : बरं. म्हणा मग. पण आधी माझं सांगा, देवाचं मागाहून.

पाळक : प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आठवा. आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. आपली भाकर त्यानंतर येते.

सासू : परकर नेसत होते तेव्हापासून म्हणतेय ती. कोण आधी नि कोण नंतर, कधी बघितलंच नाही.

पाळक : तुम्हीच बोला. मी आमेन म्हणतो.

सासू : बापा… तुला माझ्या सुनेचं जे करायचं असेल ते कर. माझं… माझं मग बोलते.

पाळक : आमेन.

सासू : हलकं वाटतं म्हणतात ना प्रार्थनेनंतर? मला काही वाटत नाही.

पाळक : लगेच वाटतं असं कुणी म्हणत नाही, मावशी.

(त्याच दिवशी, दुपारी. इस्त्रीचं दुकान. सून चादरीवर पाणी शिंपडते आहे.)

सून : आलात? आई, ते येऊन गेले. मी नाही म्हणून सांगितलं.

सासू : काय सांगितलंस?

सून : नाही म्हणून. विषय संपला. हे टोक धरा, घडी घालू.

सासू : तो काय म्हणाला?

सून : बरं म्हणाले. चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. संध्याकाळच्या गाडीवर आहेत.

सासू : टोक सोड. माझ्याकडे बघ. माझ्यासाठी नाही म्हणालीस?

सून : उन्हातून आलात. बसा आधी.

सासू : विचारलं ते सांग.

सून : इस्त्री फिरवताना तुमचे ओठ हलतात. तुम्हाला वाटतं, मनातल्या मनात म्हणताय. सगळं ऐकू येतं.

सासू : म्हणजे देवाच्या आधी तूच ऐकलंस.

सून : राग नाही आला मला. इतकं जीव तोडून मला कोण मागतं?

सासू : आता बघ ना. जे मागितलं ते पदरात पडलं, आणि घास घशाखाली उतरत नाही. सकाळी तुला देवाच्या हवाली करून आले मी. इथं येऊन पाहते तो माझ्याच मनासारखं झालेलं.

सून : मग हीच त्याची इच्छा असेल.

सासू : त्याची इच्छा माझ्या इतक्या सोयीची निघाली की मला शंका येते. एकच विचारते, आडपडदा नको. आवडतो का तो तुला?

सून : कशाला आता ते, आई?

सासू : सांग.

सून : ते आले की चिमणी हसते. तिला बघून मग मीही हसते. हे गेल्यापासून माझ्या हसण्याचा आवाज मीच विसरले होते. एवढंच.

सासू : याला एवढंच म्हणतेस? चप्पल घाल. चिमणीला घे आणि गाडी सुटायच्या आत डेपो गाठ. चादरींचं मी बघते.

सून : तुम्ही एकट्या कशा राहाल?

सासू : खरं सांगू? माहीत नाही. रडेन. तुझ्यावर चिडेन. पाळकांच्या दारात जाऊन भांडेन. पण तुला अडवून ठेवलं, तर रोज तुझं तोंड बघून मला गुडघे टेकता यायचे नाहीत.

सून : मग चला ना आमच्याबरोबर.

सासू : एका दिवसाला एकच निर्णय पुरे. माझं काय ते मी सावकाश विचारीन देवाला. तू नीघ.

सून : आणि त्यांना काय सांगू? नाही म्हटलेला शब्द अजून तोंडात आहे माझ्या.

सासू : सांग, सासूनं पाठवलंय. आणि म्हणावं, चिमणीला अंधारात झोप लागत नाही. एक दिवा चालू ठेवावा लागेल.