डबीखालचं पोतं

पोत्याची एक घडी. काडेपेटीएवढी डबी. राजपालची तुटलेली दोन बोटं.

कळंबच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या वनमालानं कान टवकारले. शेजारच्या बाकावर राजपालची बायको श्रावस्ती होती, समोर डाळमिलचे मालक तात्या उभे.

“मालक, मशिन बिघडायच्या आधी ती डबी मोबाइलवर सांगणार व्हती ना? मग पट्टा तुटला तवा गप का बसली?”

“तुझ्या नवऱ्यानं बंद केली असंल.”

“तिला बटण न्हाय, सेल न्हाय. मशिनच्या थरथरीवरच चालती ती.”

“लई शिकलीस!”

“बसवणारा सायब सगळ्यांसमोर बोलला, डबी मशिनला घट्ट चिकटून पायजे. मग मधी पोतं कुणी घातलं? थरथर पोचंना, डबी मेली.”

“राजपालनंच घातलं. तसं लिहून द्यायला सांग, हात बरा झाला की कामावर घेतो.”

“आन् न्हाय दिलं तर?”

“तर बसू दे घरी.”

“सही कोणत्या हातानं करतील ते? सांगा की!”

वनमालाचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

डबी बसवली त्या दिवशी तात्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि महागाची वस्तू हादऱ्यानं फुटू नये म्हणून स्वतःच्या हातानं तिच्याखाली पोत्याची घडी घातली होती.