झोळीचं वजन

अबुधाबीच्या दवाखान्यात बाळांच्या वजनाची रांग होती. नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या हेमाताईंनी प्रयोगशाळेत तीस वर्षं तराजू तपासले होते. शेजारच्या वसईकर जोडप्याचं बोलणं कानाआड करणं त्यांना जमेना.

“रोशेल, टेन्शन नको घेऊ. काल घरी चार किलो दोनशे भरला.”

“बॅगांच्या काट्यावर, रॉबिन?”

“एअरपोर्टला कधी चुकलाय तो काटा?”

“बाळ म्हणजे बॅग नव्हे. डॉक्टर म्हणाल्यात, आज चार किलो भरला नाही तर ॲडमिट करायचं.”

“भरलाय म्हटलं ना.”

“ज्या चादरीच्या झोळीत त्याला टांगलंस, ती वजा केलीस?”

रॉबिन हातातल्या टोकनवरचा नंबर पुन्हा वाचू लागला.

“रॉबिन.”

“तू चार दिवस झोपली नव्हतीस.”

“चादर मी आज सकाळी मोजली. तीनशे ग्रॅम.”

“मग बोलली का नाहीस?”

“काल तूही झोपलास ना.”

हेमाताईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि नातीचा मोजा उगाच वर ओढला.

दार उघडून नर्सने हाक मारली, “बेबी ऑफ रोशेल. सब कपडे निकालो, डायपर भी.”

“सिस्टर,” रॉबिन उठत म्हणाला, “डायपर रहने दो ना.”