गादीवर बसलेली बाई

आमचं गाव शेवगावच्या पल्याड, कोरडा मुलूख, आई-बाप दसरा झाला की कोपरगावकडं ऊस तोडायला जायाचे, मी बी गेलो दोन हंगाम, पर मला ते झेपंना. मंग वळखीच्या एकानं नगरला कापडबाजारात साडीच्या दुकानात लावून दिलं. तवा मिसरूड फुटलं हुतं, आता गुडघे गेलेत, म्हंजे तुमीच बघा किती वर्सं झाली.

पयली चार वर्सं नुसत्या घड्या घातल्या. मंग एक दिवस साडी नेसून दाखवनारा मानूस आलाच न्हाई, शेठ म्हनले नामदेव, तू उभा ऱ्हा. मी उभा ऱ्हायलो, पँट-शर्टावर साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, पदर सोडला, समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसाय लागल्या. मला लई लाज वाटली. पर काय सांगू तुम्हाला, जराशानं त्या मला इसरल्या, साडीच बघाय लागल्या. तवापासनं तेच माजं काम झालं. हजारो बायकांना म्हनलो असंल, ताई, ह्यो रंग तुम्हाला उठून दिसंल. बायकू सोडून सगळ्यांना म्हनलो.

माजी बायकू कमल. तिला मी साड्या आनायचो न्हाई असं न्हाई, आनायचो, दुकानातल्याच, कुठं डाग पडलेला, कुठं काठ उसवलेला, शेठ कमी पैशात द्यायचे. ती घ्यायची, नेसायची, नाव ठिवलं न्हाई कधी.

आमचा बाजार तुमी सनासुदीला बघितला का? रस्त्यात गाड्या बंद करत्यात, मंग ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर मान्सं नुसती वाहत्यात, रांगोळीवाली, पिनावाला, परकर-टिकल्यावाले, सगळे एकदम वरडत्यात, अन् दुकानाच्या पायरीवर चपला ठिवाय जागा नस्ती. अशाच गर्दीत, लई वर्सांमागल्या एका दिवाळीला, कमल दुकानात आली. सांगून आली न्हाई. एकटीच, चांगली साडी नेसून, गादीच्या कडंला येऊन बसली.

मी अंगावर साडी लावून उभा हुतो. समोर लगनाचा बस्ता, नेवाशाकडची मंडळी, नवरीची आई लई चोखंदळ, बारा साड्या घ्यायच्या म्हनत हुती. मी कमलला बघितलं, तिनं मला बघितलं, जराशी हसली. आठवड्यापूर्वीच शेठनं आमच्यातल्या एकाला झापलं हुतं, सनात घरची मान्सं गादीवर बसवू नका म्हनून. अर्धा तास झाला, ती तशीच बसलेली, कायबी मागंना, नुसतं माज्याकडं बघतीया. शेठचं ध्यान गेलं. म्हनले, नामदेव, ती बाई कोन हाय रं, कवाची बसलीया?

मी म्हनलो, वळखीची हाय, गावाकडची.

एवढंच म्हनलो बघा. तिला ऐकू गेलं. ती उठली, पायरीवर चपला हुडकल्या, घातल्या अन् गर्दीत शिरली. मी हाक मारू शकत हुतो. माज्या खांद्यावर पदर हुता, नवरीची आई म्हनली, जरा वळा, मागनं बघू द्या. मी वळलो.

घरी गेलो तर तिनं ताट वाढलं. काई बोलली न्हाई, मी बी बोललो न्हाई. वाटलं, इसरंल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, अन् मंग बोलायची येळच निघून गेली. मातूर तवापासनं कमल कापडबाजारात आली न्हाई. भाजीला जायाचं असलं तरी मागच्या बोळानं, लांबचा वळसा घालून.

मागल्या वर्सी लेक बाळंतपनाला आली, तिनं सांगितलं. म्हनली, आन्ना, आईला त्या दिवशी साडी नको हुती. तुमी साडी नेसून दाखवताना कसं दिसता, एवढंच तिला बघायचं हुतं. शेजारनी सांगायच्या, तुजा मालक लई झ्याक पदर सोडतो.

मी उठून सैपाकघरात गेलो. कमल भाकरी थापत हुती. म्हनलो, माजं चुकलं त्या दिवशी. ती म्हनली, मला ठावं हाय, शेठ समोर हुते, तुमचं बी पोट हुतं. त्याचं मला न्हाई वाटलं. पर घरी येऊन एक शबुद बोलला असता तर मी तवाच इसरले असते. एवढं बोलून तिनं भाकरी उलटली.

आता दुकान शेठचा ल्योक बघतो. काचंचं केलंय, साड्या पुतळ्यांना नेसवत्यात, मला घरी बसवून दोन वर्सं झाली. कमलला म्हनलो, चल एकदा, बाजार तरी बघ. म्हनली, कशाला, आता तिकडं काय हाय आपलं. रागानं न्हाई, साधंच म्हनली. राग असता तर बरं झालं असतं.

तुमी तरनी मान्सं, तुमचं घरदार सुखात ऱ्हावो. घरच्या मानसाशी बोलायचं उद्यावर ढकलू नका, एवढंच माजं सांगनं.

मंगळवारी ती भाजीला निघती. मी पिशवी घेऊन तिच्या मागं जातो, त्याच बोळानं. गुडघे दुखत्यात, लांब पडतं. पर जातो.