साठ वॅट घेणारा ॲम्प्लिफायर

लातूरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात सुकन्या दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरची वाट बघत बसली होती. शेजारी निलंग्याकडचं एक जोडपं मठातल्या भजनासाठी ॲम्प्लिफायर बघत होतं.

"पाच हजार वॅट, मावशी. सगळ्या गावाला ऐकू जाईल," दुकानदार म्हणाला.

"आवो, मागं काय लिव्हलंय बगा की," बाई नवऱ्याला म्हणाली.

"साठ वॅट," नवऱ्यानं वाचलं.

"तेवढी वीज तो घेतो, मावशी."

"घेतो साठ अन् देतो पाच हजार? आमची म्हैस न्हाई देत असं."

"पाच हजार म्हणजे क्षणभराचा जोर असतो."

"भजन क्षणभराचं नसतंय. सलग किती देतो?"

"असं कोणी विचारत नाही."

"म्या इचारतेय की."

"चाळीस धरा."

सुकन्याला वाटलं, बाई आता उठणार. पण बाई नीट सरसावून बसली.

"चाळीस तरी खरं हाय का? लावा, आवाज पुरा करा. आमी समोर चहा पिऊन येतो."

"इतका वेळ फुल आवाजात?"

"का? काय होतंय त्याला?"

दुकानदारानं तो ॲम्प्लिफायर खोक्यात घातला आणि वरच्या फळीवरून दुसरा काढला.

"ह्याच्यावर तर शंभरच लिव्हलंय," नवरा म्हणाला.

"व्हय," बाई म्हणाली, "म्हणूनच लावून बगू."