लालचा मावसभाऊ

तेंग काका : यंत्र जुळवलं, माल वेळेवर गेला, कुणाच्या केसालाही धक्का नाही. झालं.

पेइरोंग : काका, अजून यंत्राचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

तेंग काका : मी वर साहेबांना कळवून टाकलंय. बरं, मी काही बोललोच नाही असं समज. तू सुरक्षा अधिकारी ना, मग कर सही. आत जातो.

पेइरोंग : आधी चष्मा दाखवा.

तेंग काका : हा बघ. अख्ख्या पाळीसाठी घेतले. हिरवेगार. पोपट लाजेल.

पेइरोंग : आतला लेझर कुठल्या रंगाचा?

तेंग काका : हिरवा.

पेइरोंग : आणि चष्मा?

तेंग काका : हिरवाच. घरचा माणूस घरच्याला इजा करत नाही.

पेइरोंग : घरचा माणूसच बेल न वाजवता आत शिरतो. हिरवी काच म्हणजे हिरव्या प्रकाशाला सताड उघडं दार. हे चष्मे वेगळ्या लेझरसाठी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. आपल्याला नारिंगी हवा. हा आणलाय.

तेंग काका : तो आधी पाठीमागे लपव.

पेइरोंग : का?

तेंग काका : यंत्र बघतंय.

पेइरोंग : यंत्राला डोळे नसतात.

तेंग काका : आणि त्याच्या डोक्यावर काय ठेवलंय?

पेइरोंग : कुरकुऱ्यांची हिरवी पुडी. आपल्या शिंचू शहरातल्या कारखान्यांत कुठल्या यंत्रावर नसते?

तेंग काका : हिरवीच का?

पेइरोंग : हिरवा दिवा चालू, लाल दिवा बंद. हिरवी पुडी समोर असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. माझ्या आईच्या शिलाई मशीनवरही आहे.

तेंग काका : म्हणजे त्याला कळतंय ना सगळं? नव्या वर्षाला हिशोबातल्या शू बाई लाल जाकीट घालून शुभेच्छा द्यायला आल्या. यंत्र बसलं ते बसलंच. शेवटी बाईंना हिरवा रेनकोट घालून परत आणलं आणि माफी मागायला लावली.

पेइरोंग : मग सुरू झालं?

तेंग काका : नाही. मग कुणीतरी सैल झालेला प्लग आत ढकलला. पण माफीच्या आधी तो कुणालाच दिसला नव्हता.

पेइरोंग : हा नारिंगी आहे, काका. लाल नाही.

तेंग काका : लालचा मावसभाऊ.

पेइरोंग : वसंतात तुमचा मोतीबिंदू काढला ना?

तेंग काका : काढला. पट्टी सोडली तर समोर बायको. इतकी वर्षं धुक्यात संसार केला. आता कुठे नीट दिसली.

पेइरोंग : मग?

तेंग काका : चांगली आहे की. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेइरोंग : आता ऐका. आरसे जुळवायचे तर झाकण उघडं ठेवावं लागतं. एखाद्या आरशावरून किरण उडून डोळ्यात गेला, तर पापणी मिटायच्या आत पडदा जळतो. कदाचित दुखणारही नाही. मग काकू दिसतील, पण मधोमध भोक पडलेल्या.

तेंग काका : म्हणजे नाक जाईल?

पेइरोंग : नाक, डोळे, हसू. फार तर कान उरतील.

तेंग काका : कान तिचे काही खास नाहीत.

पेइरोंग : तुमचा हिरवा चष्मा घाला. दारावर काय दिसतं?

तेंग काका : आग लागली तर बाहेर पडायची वाट दाखवणारा, दिव्याच्या पाटीतला पळणारा हिरवा माणूस. नेहमीचाच.

पेइरोंग : नीट दिसतोय?

तेंग काका : शर्यत जिंकेल इतका.

पेइरोंग : आता हा नारिंगी.

तेंग काका : अगं, गेला कुठे?

पेइरोंग : तिथेच आहे. त्याचा हिरवा उजेड काचेने अडवला.

तेंग काका : पोरी, मी इथे लागल्यापासून हा माणूस पळतोय. आज पहिल्यांदा पोचला.

पेइरोंग : पण हे नुसतं समजावण्यापुरतं. रंग बघून चष्मा घेणं म्हणजे वेष्टन बघून औषध घेणं. काच कुठल्या तरंगलांबीचे किरण अडवते तो पल्ला तिच्या कडेला छापलाय, तो वाचा. यंत्राच्या पाटीवरचं पाचशे बत्तीस नॅनोमीटर त्यात बसतं का?

तेंग काका : बसतं. मांडी घालून.

पेइरोंग : शेजारचा आकडा म्हणजे काच किरण किती अडवते ते. आपल्या यंत्राच्या ताकदीला तो पुरतो, मी तपासलंय. काचेवर ओरखडा नाही, बाजूला फट नाही, तुमच्या रोजच्या चष्म्यावरूनही बसतो. हा घालत असाल तरच सही.

तेंग काका : मला पटलं गं. यंत्राला कोण पटवणार?

पेइरोंग : कौल लावा. देवळातल्या त्या फोडी तुमच्या खणात आहेत. परवा जेवायला काय मागवायचं तेही त्यांनाच विचारत होतात.

(तेंग काका नारिंगी चष्मा शर्टात लपवतात, यंत्रापुढे वाकतात आणि चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फोडी जमिनीवर टाकतात.)

पेइरोंग : दोन्ही उताण्या.

तेंग काका : हसलं ते.

पेइरोंग : म्हणजे नाही?

तेंग काका : म्हणजे प्रश्न धड विचारा.

पेइरोंग : मी विचारते. यंत्रदादा, तेंग काकांचा डोळा गेला, तर उद्यापासून तुमचे आरसे वरच्या मजल्यावरचे साहेब जातीने जुळवतील. नारिंगी चालेल का?

तेंग काका : एक उताणी, एक पालथी. होकार.

पेइरोंग : परत टाका.

तेंग काका : होकार. थांब, अजून एकदा. होकार. लागोपाठ तीन. इतक्या घाईने ते कधी बोललं नव्हतं.

पेइरोंग : त्यालाही जीव आहे म्हणायचं. घ्या, केली सही. हिरवे सगळे परत पाठवते.

तेंग काका : सहीखाली जागा आहे का थोडी?

पेइरोंग : आहे. शेरा म्हणून.

तेंग काका : मग लिही. कर्मचारी तेंग यांच्याकडील डोळ्यांची जोडी त्यांना अलीकडेच उपयोगी पडू लागली आहे. सबब, निवृत्तीनंतर पुढील पन्नास वर्षे ती चालू स्थितीत राहील अशी व्यवस्था कार्यालयाने करावी आणि तसे उलट टपाली कळवावे, ही विनंती.