वॉकरांच्या घरात टकर

उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या विवाह नोंदणी कचेरीत रांगेत माझ्यापुढे वॉकरबाई, त्यांचा डेस्मंड आणि होणारी सून रोवेना टकर असे तिघे उभे होते.

“लग्नानंतर ते टकर आडनाव सोड, पोरी. तुझे पूर्वज शिळ्या मुतात उभे राहून लोकरीचं कापड तुडवायचे.”

“माहितीये. म्हणूनच सोडवत नाही.”

“वॉकरांच्या घरात शोभेल का ते?”

“अहो, तुमचाही धंदा तोच! आमच्या दक्षिणेकडच्या डेव्हनात कापड तुडवणाऱ्याला टकर म्हणायचे, तुमच्या उत्तरेत वॉकर.”

“डेस्मंड, काय बोलतेय ही?”

“खरंय, आई. कापडावर दिवसभर चालायचे, म्हणून वॉकर.”

“तुला कधीपासून ठाऊक?”

“शाळेपासून.”

रांग दोन पावलं सरकली.

“ठेव बाई तुझं टकर. पण आमच्याकडे मूत चांगल्या घरांतून यायचं, एवढं लक्षात असू दे.”